खर्चासह निकाली

वस्तादबाईंना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ह्या शिवणाचा क्लास घेत असतील. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि बोलता बोलता समोरच्याच्या दंडावर हात ठेवायची सवय. तो हात पडला की मग कळतं. नुसता ठेवलेला असतो हो, धरलेला नसतो, तरी माणूस जागचा हलत नाही. बाई मुलींना कुस्ती शिकवतात. तरुणपणी स्वतः खेळल्या. डाव्या कानाची पाळी तेव्हाच चुरगळली ती चुरगळलीच, आणि कुणी विचारलं तर "उशीवर वाकडी झोपले होते" म्हणून मोकळ्या होतात.

क्लास चालायचा नगरपालिकेच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. हॉल म्हणजे काही महाल नव्हे. उंच खिडक्या, त्यातली एक कायमची अर्धवट उघडी अडकलेली, भिंतींना कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट आणि मधोमध मॅट. फोमचे जाड तुकडे एकाला एक लावून वर रेक्झिन ताणलेलं. ते रेक्झिन इतक्या ठिकाणी फाटलं होतं, की मुली पडायची जागा बघून पडायच्या. आता कुस्तीत पडायची जागा निवडता आली असती तर आणखी काय हवं होतं! म्हणून नवी मॅट घ्यायची ठरली. मुलींच्या आईबापांनी दर महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकून पैसे जमवले आणि वस्तादबाईंच्या हवाली केले.

मॅटची ऑर्डर द्यायला निघायचं त्याच सुमारास एका सकाळी हॉलच्या दाराला कुलूप, आणि कुलपावर कागद. 'तपासणीत इमारत धोकादायक आढळल्याने हॉल पुढील आदेशापर्यंत बंद.' वस्तादबाईंनी कागद वाचला. मग मान मागे टाकून इमारत बघितली. वरच्या मजल्यांवर ऑफिसं राजरोस चालू होती, खिडकीत एक शिपाई चहा पीत उभा होता.

"धोका फक्त खालीच आहे का?" बाईंनी खालून ओरडून विचारलं. "तुम्ही वर काय हवेत तरंगता?"

शिपाई कप घेऊन आत गेला.

थोड्याच दिवसांत अडकलेल्या खिडकीतून दिसू लागलं की हॉलमध्ये जुन्या खुर्च्या आणि पत्र्याची कपाटं रचून ठेवलीत. वर कुठल्याशा साहेबाच्या केबिनचं नूतनीकरण चाललं होतं. पडायला आलेल्या इमारतीत नूतनीकरण! बाईंचं डोकंच फिरलं. पण डोकं फिरलं तरी पाय जागेवर ठेवायचे, हे त्या मुलींना रोज शिकवतात. त्यांनी साधा एक अर्ज केला. तपासणी झाली म्हणता ना, मग तपासणीचा अहवाल दाखवा. माहिती मागायचा हक्क आहे आम्हाला, तो वापरतोय.

अर्ज घेतला माहिती अधिकाऱ्यानं. हा एक किडकिडीत माणूस, कपाळावर कायमची आठी, टेबलावर फायलींचा ढीग आणि त्या ढिगाआडून बोलायची पद्धत. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: 'मागितलेली माहिती अंतर्गत स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' बाईंनी वरच्या साहेबाकडे दाद मागितली. तिथूनही तेच वाक्य आलं, फक्त शिक्का मोठा होता.

"बघ गं," बाईंनी दोन्ही कागद पुतणीपुढे टाकले. पुतणी म्हणजे दिरांची मुलगी, नुकतीच वकील झालेली. एका मोठ्या वकिलाच्या हाताखाली काम करायची आणि दिवसभर उभी राहून राहून घरी आली की पाय बादलीत सोडून बसायची.

"काकू, कोर्टात जाऊ या," पुतणी म्हणाली. "केस सरळ आहे. पण आमच्या सरांचा नियम आहे, फुकट केस घ्यायची नाही. फी लागेल. माझा वाटा मी सोडते, बाकीची द्यावी लागेल."

फी कुठून आणायची? बाईंजवळ पैसे होते ते मॅटचे. त्यांनी सगळ्या आईबापांना बोलावलं. हॉल बंद, म्हणून बैठक भरली बाईंच्या नवऱ्याच्या कारखान्यात. कारखाना म्हणायचं आपलं. गाड्यांच्या सीटा आणि सोफे शिवायची ती एक लांबट खोली. निम्मे लोक उघड्यावाघड्या सोफ्यांच्या सांगाड्यांवर टेकले. बाईंनी काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं: हॉलच नसेल तर मॅट घालणार कुठे? आधी हॉलसाठी भांडू, मॅट मागाहून.

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या प्लंबरनं डोलावली नाही. त्याची मुलगी क्लासमधली सगळ्यात चपळ पोरगी, आणि हा सगळ्यात चिकट बाप. वर्गणीचा प्रत्येक हप्ता देताना ह्याचा जीव जायचा.

"कोर्टात गेलेला पैसा कधी परत येतो होय?" तो म्हणाला. "बाई, आमचं पोट कापून दिलंय."

"येतो," पुतणी म्हणाली. "जिंकलो तर समोरच्यानं आपला खर्च द्यावा, असा हुकूम करता येतो."

"मी आणीन परत," वस्तादबाई म्हणाल्या. "हा माझा शब्द. मॅट मी आणीन."

नवरा कोपऱ्यात वाकडी सुई घेऊन सीट शिवत होता. लोक गेल्यावर तो न बघताच म्हणाला, "शब्द देताना जरा मागंपुढं बघत जा."

"तुम्हाला लग्नाचा शब्द दिला तेव्हा बघितलं होतं का?"

"तेच म्हणतोय मी," नवरा म्हणाला आणि दोरा तोडला.

केस दाखल झाली. कोर्टाची नोटीस नगरपालिकेत पोचली, आणि काय चमत्कार! सुनावणीच्या बऱ्याच आधी एक जाडजूड पाकीट घरी हजर. आत तपासणीचा अहवाल. भिंती भक्कम, जमीन भक्कम, एक पंखा ढिला आणि मागच्या पायरीचा कठडा गंजलेला. बस्स. एवढ्यासाठी मुलींनी महिनोन् महिने सोफ्यांच्या सांगाड्यांमध्ये कसरती केल्या होत्या. अहवाल बाहेर पडल्यावर लपवायचं काही राहिलंच नाही. खुर्च्या-कपाटं निघाली, किल्ली मिळाली, पंखा बाईंच्या नवऱ्यानं पक्का केला. हॉलमध्ये पुन्हा धपाधप आवाज यायला लागले आणि वस्तादबाईंना त्या रात्री इतकी गाढ झोप लागली की सकाळी नवऱ्यानंच चहा केला.

म्हणजे हॉल मिळाला. राहिला होता खर्च. आणि खर्च म्हणजे मॅट, आणि मॅट म्हणजे बाईंचा शब्द.

"इथंच तर खरी गोम आहे, काकू," पुतणीनं समजावलं. "ते आता म्हणणार, आम्ही हरलोच कुठं? कोर्टानं हुकूम करायच्या आधी आम्ही आपणहून माहिती दिली. मग खर्च कसला? आपल्याला दाखवायचंय की केस केली म्हणूनच त्यांनी दिली. ते माझ्यावर सोडा. तुम्ही फक्त एक करायचं."

"काय?"

"तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडत बाई," वस्तादबाई म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या.

कोर्टाची खोली लहानशी होती. वर पंखा किरकिरत होता, बाकांना नवं पॉलिश होतं आणि उठताना साडी चिकटायची. न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली, समोर रुमालांची घडी. पलीकडच्या बाकावर नगरपालिकेचा वकील, तुळतुळीत दाढी केलेला. त्याच्या मागे माहिती अधिकारी, तोच तो किडकिडीत. इथं फायलींचा ढीग नव्हता, त्यामुळे बिचारा फारच उघडा पडल्यासारखा वाटत होता.

वकील उठला. "मॅडम, मागितलेली माहिती अर्जदारांना मिळाली आहे. वाद उरलेला नाही. तेव्हा अर्ज निकाली काढावा, एवढीच विनंती."

पुतणी खाली वाकून पिशवीतून कागद काढत होती. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून थेट वस्तादबाईंकडे पाहिलं. "मिळाली ना माहिती? मग निकाली काढू या?"

आता इथं जरा थांबून सांगायला हवं. कोर्टकचेरीत 'निकाली काढणं' म्हणजे प्रकरण मिटवून फाईल बंद करणं. कोण जिंकलं, कोण हरलं, ह्याच्याशी त्या शब्दाला काही देणंघेणं नाही. पण वस्तादबाईंचं सगळं आयुष्य गेलं कुस्तीत. कुस्तीत निकाली म्हणजे गुण नाहीत, बरोबरी नाही; एकाची पाठ जमिनीला लागली, सगळ्या जगानं बघितली आणि विषय संपला. त्या शब्दासाठी बाईंनी कान चुरगळून घेतला होता. आणि इथं समोरचा वकील स्वतःच्या तोंडानं म्हणतोय, निकाली काढा! बाईंना वाटलं, माणूस दिलदार निघाला, हार कबूल करून बसला.

त्या ताडकन उठल्या. "काढा की मॅडम! अगदी निकालीच काढा! मला तेच हवं होतं!"

पुतणी टेबलाखालून वर आली ती पांढरीफटक पडूनच.

"अर्जदारांची संमती आहे," वकील झटकन म्हणाला. हसू आवरताना त्याचा ओठ हलत होता. "नोंद व्हावी."

"काकू!" पुतणी दातओठ खात कुजबुजली. "फाईल बंद करायला सांगितलंत तुम्ही! खर्चासकट सगळं सोडून दिलंत!"

वस्तादबाईंना मॅट दिसेना, हॉल दिसेना, दिसला तो फक्त प्लंबरचा चेहरा. पण पुतणीही त्यांच्याच घरातली. ती उठून उभी राहिली. "मॅडम, माझ्या अशिलांचा शब्दामुळे गैरसमज झाला. त्या कुस्तीच्या प्रशिक्षक आहेत. त्यांना निकाली म्हणजे आपण जिंकलो असं वाटलं. आमची खर्चाची मागणी आहे, ती आम्ही सोडलेली नाही."

न्यायाधीशबाईंनी नाक पुसलं, आणि रुमालाआड हसल्या की काय कुणास ठाऊक. "असं होय? बसा हो बाई. इथं पंचही आम्हीच आणि शिट्टीही आमचीच. बोला वकीलबाई, खर्च का द्यायचा?"

"नोटीस पोचली म्हणूनच त्यांनी माहिती दिली. एरवी दिलीच नसती."

"साफ चूक," समोरचा वकील म्हणाला. "कार्यालयानं फेरविचार करून स्वखुशीनं माहिती दिली. नोटिशीशी काही संबंध नाही."

दोघंही आपापलं खरं म्हणून बसले. न्यायाधीशबाईंनी मग मागच्या बाकाकडे बोट केलं. "माहिती अधिकारी तुम्हीच ना? उठा. इतके महिने नाही दिली आणि मग एकदम कशी दिली?"

अधिकारी उठला. त्याला बहुधा वाटलं, इतका सोपा प्रश्न आज पहिल्यांदाच कुणी विचारतंय. "कोर्टाची नोटीस आली ना मॅडम, म्हणून दिली. नाहीतर द्यायची नाही असं वरून सांगितलं..."

वकिलाला असला जोराचा खोकला आला की शिपायानं पाण्याचा ग्लास पुढे केला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वस्तादबाईंनी पुतणीकडे पाहिलं. पुतणी छताकडे बघत होती, आणि तिच्या गालावर खळी पडली होती.

"झालं तर मग," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "केसमुळेच माहिती मिळाली. अर्जदाराला खर्च मिळेल."

वस्तादबाईंनी डोळे मिटून घेतले. सुटले एकदाची, असं त्यांच्या तोंडून अगदी हळू निघालं.

पण समोरचा वकील असा तसा नव्हता. बाजी हातची गेली म्हटल्यावर त्यानं दुसरा डाव टाकला. "ठीक आहे, मॅडम. पण दिरंगाई ह्या अधिकाऱ्याची आहे. पहिल्या नकारावर सही ह्याचीच आहे. 'वरून सांगितलं' ह्याला कागदोपत्री काही पुरावा नाही. तेव्हा खर्च कार्यालयानं का सोसावा? ह्याच्या पगारातून कापून घ्यावा. कायद्यात तशी तरतूद आहे."

अधिकारी उभाच होता. कपाळावरची आठी मात्र गेली. माणूस फार घाबरला की चेहरा असा गुळगुळीत होतो, मॅटवर बाईंनी ते पुष्कळदा पाहिलं होतं.

"अर्जदारांचं म्हणणं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. "खर्च कुणाकडून, ह्याबद्दल काही हरकत?"

पुतणी बाईंच्या कानाशी लागली. "काकू, आता नीट ऐका. पगारातून कापायचा हुकूम झाला तर पुढच्याच महिन्यापासून पैसे यायला लागतील. कार्यालयावर हुकूम झाला तर ते अपील करतील, फिरवतील, नाकी नऊ आणतील. वर्ष जाईल, जास्तही जाईल. आपल्याला काय, पैसा आला म्हणजे झालं. हरकत नाही म्हणू?"

वस्तादबाईंना खरंच 'म्हण' असं सांगायचं होतं. मॅट अगदी हाताशी आली होती. त्यांनी पलीकडे पाहिलं. अधिकारी त्यांच्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या बुटांकडे बघत होता, आणि बूट नुकतेच टाचेला शिवून आणलेले दिसत होते.

बाई उठल्या. पुतणीनं डोळे मिटले.

"मॅडम, मला कायदा कळत नाही, ते तुम्ही मघाशी बघितलंच. पण एवढं विचारते. ह्या खोलीत खरं ते हेच बोलले. ते बोलले म्हणून आम्हाला खर्च मिळतोय. आणि तो खर्च काढायचा ह्यांच्याच पगारातून? मग ह्यांनी गप्प बसायला हवं होतं म्हणा की!"

"कार्यालयाकडून मिळायला फार वेळ लागेल, बाई. ह्याची कल्पना आहे ना?"

"आहे. आत्ताच सांगितलं हिनं. लागू दे."

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ काही लिहिलं. मग वाचून दाखवलं: अर्ज खर्चासह निकाली काढण्यात येतो, खर्च कार्यालयाने द्यावा, अधिकाऱ्याकडून वसूल करू नये. वाचताना 'निकाली' शब्दापाशी त्या जरा थांबल्या आणि त्यांनी वस्तादबाईंकडे बघितलं.

बाहेर जिन्यावर अधिकारी मागून आला. आभार वगैरे मानायला त्याला जमलं नसतं, आणि त्यानं प्रयत्नही केला नाही. "तुमचा अर्ज आला त्याच दिवशी मी अहवालाची प्रत काढून ठेवली होती," एवढंच म्हणाला आणि भराभर उतरून गेला.

"बरं वाटलं ना आता?" पुतणीनं विचारलं. ती रागावली होती, पण काकूची पिशवी तिनंच उचलली होती. "आणि प्लंबरला काय सांगणार?"

तेव्हा कुठं बाईंना आठवलं, आणि त्या जिन्यातच मटकन बसल्या. मोठं मन करून आल्या होत्या खऱ्या, पण दुसऱ्यांच्या पैशावर! पोट कापून दिलेले पैसे, आणि बाईंनी सांगून टाकलं, लागू दे वेळ. कुणी दिला होता त्यांना तो अधिकार? कुस्तीत हरल्यावर त्यांना इतकं खजील कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी हॉलमध्ये आईबाप जमले. बाईंचा नवराही आला होता. मॅटच्या फाटक्या भागावर उरल्यासुरल्या रेक्झिनची ठिगळं लावत बसला होता, एक लाल, एक बिस्किटी, एक चॉकलेटी. मुली भिंतीशी अंग मोकळं करत होत्या. बाईंनी उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःचा निकालीचा घोळसुद्धा. त्यावर लोक पोट धरून हसले. पुढचं ऐकल्यावर हसू थांबलं.

"म्हणजे पैसे मिळणार, पण कधी ते माहीत नाही," बाई म्हणाल्या. "लवकर मिळत होते, ते मी नको म्हटले. तुम्हाला न विचारता म्हटले. चुकलं असेल तर बोला."

सगळे प्लंबरकडे बघायला लागले. तो दाराशी उभा होता, हातात मुलीची पाण्याची बाटली.

"माझी बायको वीज कंपनीत बिलाच्या खिडकीवर बसते," तो म्हणाला. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलीला सोडायला नेहमी हाच यायचा. "वरच्यांनी केलेला घोळ तिच्या सहीवर ढकलला. भरपाई तिच्या पगारातून कापतात, अजून कापतायत. मॅटचा हप्ता देताना मी कटकट करायचो ना, ती त्यामुळं." त्यानं बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तिच्या वेळेला समोरच्या बाकावरून कुणी उठलं नाही, बाई."

वस्तादबाईंचे डोळे भरून आले ते त्यांनी लपवलेही नाहीत. प्लंबरनं बाटली खिडकीत ठेवली, चपला दाराशी काढल्या आणि मॅटवर गुडघे टेकून बसला. लाल ठिगळाचं एक टोक त्यानं दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"घाला टाका," तो बाईंच्या नवऱ्याला म्हणाला.